शरीराचे पंचांग

मालवणच्या किनाऱ्यावर जन्म काढलेल्या माणसास काळ मोजण्याची दोन मापे बाळपणापासून ठाऊक असतात; एक सूर्याचे व दुसरे चंद्राचे. शाळा, कचेरी, बाजार आणि देवळातील आरती ही सूर्याच्या मापाने चालतात. परंतु होडी केव्हा लोटावयाची, रापण केव्हा ओढावयास घ्यावयाची, खाडीच्या तोंडाशी वाळूच्या पट्ट्यावरून पार होण्याइतके पाणी केव्हा असेल, हे सारे चंद्र ठरवितो. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीची वेळ निघते, हा स्थूल हिशेब आमच्याकडे शाळेची पायरी न चढलेल्या माणसासही तोंडपाठ असे. अष्टमीस सहाचा सुमार, दशमीस साडेसात. भरती रोज पाऊण तासाने, किंबहुना किंचित अधिकच, उशिरा येते आणि पंधरवड्याने फिरून मूळपदावर येते. अमावास्या-पौर्णिमेस उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग. समुद्र आपले पंचांग चुकवीत नाही.

समुद्राचे हे पंचांग आमच्या वडीलमंडळींनी माणसाच्या देहासही लावले होते. आजाऱ्यास अवस-पुनव जड जाते, हा समज महाराष्ट्रात सर्वत्र आहे. पण किनाऱ्यावर त्यास डोळ्यांदेखत पुरावा मिळाल्यासारखे वाटते, कारण ज्या दिवशी पाणी माडांच्या मुळांशी येऊन धडकते तो दिवस रोग्यास सोपा कसा जाईल, असे मनात येणे स्वाभाविकच. घरात कोणी अंथरुणास खिळले की आमची आजी डॉक्टरांस बोलावण्याच्या आधी भिंतीवरचे पंचांग पाही, आणि अमावास्या टळली म्हणजे सुटकेचा निःश्वास सोडून सुंठेचा काढा करावयास बसे. आजारास वेळ असते हे तिचे म्हणणे आज आम्हांस खरे वाटते. मात्र ती वेळ ती महिन्यात शोधीत होती. ती दिवसात आहे.

ही गोष्ट प्रथम वनस्पतींनी उघडकीस आणली, आणि तीही आमच्या परसात पायाखाली येणाऱ्या लाजाळूच्या जातीच्या एका रोपट्याने. १७२९ साली द मॅरां नावाच्या फ्रेंच विद्वानाने असे रोपटे अंधारात कोंडून ठेवले आणि पाहिले, तो सूर्य दिसत नसताही त्याची पाने दिवसा उघडत व रात्री मिटत होती. म्हणजे दिवस-रात्रीची खूण त्या रोपट्याच्या आतच कोठे तरी होती. माणसाच्या शरीरातही तशीच खूण आहे. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नाड्या जेथे एकमेकींस ओलांडतात त्याच्या वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तो उभ्या देहाचा काळ राखतो. मनुष्यास सूर्य व घड्याळ ह्या दोहोंपासून दूर ठेवून अमेरिकेत १९९९ साली मोजणी झाली, तेव्हा ह्या आतल्या दिवसाची लांबी सरासरीने चोवीस तास व अकरा मिनिटे भरली. वरची ती मिनिटे रोज सकाळचा उजेड डोळ्यांवाटे कापून टाकतो. पेशींच्या आतील ह्या यंत्राची घटना उलगडून दाखविल्याबद्दल हॉल, रॉसबाश व यंग ह्या तिघांस २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे प्रयोग फळांवर घोंघावणाऱ्या चिलटांवर झाले होते, हे येथे केवळ गंमत म्हणून सांगतो.

ह्या घड्याळाशी सर्वांत निकटचा संबंध रक्ताचा व रक्तवाहिन्यांचा आहे. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत दिवसापेक्षा दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो, आणि पहाटे, जाग येण्याच्या सुमारास, चढू लागतो. तेवढ्यावर थांबते तर हा विषय वैद्यकाच्या ग्रंथांत पडून राहता. पण १९८५ साली अमेरिकेतील म्युलर व त्यांचे सहकारी ह्यांनी सुमारे तीन हजार हृदयविकाराच्या रुग्णांच्या दुखण्याची वेळ तपासली, आणि त्यांपैकी ज्यांच्या रक्ताच्या तपासणीवरून वेळ नेमकी काढता आली त्यांची वेगळी गणना केली. सकाळी नऊच्या सुमारास झटक्यांची संख्या रात्री अकराच्या तिप्पट भरली. पुढे अशा अनेक गणना एकत्र करून १९९७ साली निघालेला निष्कर्ष असा की सकाळी सहा ते दुपारी बारा ह्या वेळात हृदयविकाराचा झटका येण्याचा संभव उरलेल्या दिवसापेक्षा चाळीस टक्क्यांनी अधिक असतो. मेंदूच्या आघाताचे, ज्यास आमच्याकडे अर्धांगाचा झटका म्हणतात त्याचे, गणित १९९८ साली जवळजवळ बारा हजार रुग्णांवरून मांडले गेले. चारही सहा-सहा तासांत झटके समान वाटले गेले असते तर सहा ते बारांत जितके पडावयास हवे होते, त्याहून ४९ टक्के अधिक पडले. हृदयापासून निघणारी महाधमनी आतून उकलते तो भयंकर विकारही बहुधा ह्याच वेळी उद्भवतो. आपल्या जुन्या भाषेत सांगावयाचे तर दिवसाचे पहिले दोन प्रहर जोखमीचे.

हे का व्हावे? कारण एक नाही, आणि ती सारी एका वेळी येऊन ठेपतात हीच खरी अडचण आहे. आमच्या भागात खाजणाचे बांध ज्यांनी पाहिले आहेत त्यांस हे लवकर उमजेल. खाडीचे खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेला बांध वर्षानुवर्षे टिकतो. नुसत्या उधाणाने तो फुटत नाही, नुसत्या वाऱ्याने फुटत नाही, डोंगरावरून आलेल्या पुरानेही नाही. परंतु उधाण, वारा आणि पूर ही तिन्ही एका रात्री आली, आणि बांध आधीच कुर्ल्यांनी आतून पोखरलेला असला, म्हणजे तो जातो. धमनीच्या आत वर्षानुवर्षे मेद साचून जो थर झालेला असतो तो पोखरलेला बांध होय. सकाळी दाब चढतो व त्या थरास भेग पडते. त्याच वेळी रक्तातील ज्या सूक्ष्म चकत्या एकमेकींस चिकटून रक्त गोठवितात त्या अधिक चिकट झालेल्या असतात. ही चिकटाई माणूस अंथरुणातून उठून उभा राहिल्यावर वाढते, पडून राहिल्यास वाढत नाही, असे १९८७ साली दाखविले गेले. आणि तिसरे असे की गोठलेले रक्त विरघळविण्याची शरीराची जी शक्ती, तिला आवरून धरणारा एक पदार्थ सकाळी साडेसहाच्या सुमारास रक्तात सर्वांत अधिक असतो. माणूस झोपलेला असो की जागा, ह्या शेवटच्या गोष्टीस त्याचे सोयरसुतक नसते. ती थेट आतल्या घड्याळाच्या हुकमाने चालते, असे २०१४ सालच्या प्रयोगांत आढळले.

म्हणजे रोग सकाळ घडवीत नाही. पोखरण्याचे काम वीस-तीस वर्षे चाललेलेच असते, त्यास तंबाखू, मधुमेह, मीठ व वाढता दाब ह्यांचे साहाय्य असते. सकाळ केवळ मुहूर्त काढून देते. सकाळच्या ह्या विशेष जोखमीमुळे येणारे झटके एकूण झटक्यांत अकरांत एक एवढेच आहेत. तेव्हा हे वाचून कोणी सूर्योदयाची धास्ती घेऊ नये. मधुमेह असलेल्यांत तर हे सकाळचे शिखर काहीसे बोथटच असते. त्यांस सगळाच दिवस सारखा.

येथे कोणी वाचक म्हणेल की हे आमच्या पूर्वजांस ठाऊकच होते. वाग्भटाने अष्टांगहृदयात दुसऱ्याच अध्यायास दिनचर्येचे नाव दिले, दिवसाच्या आरंभी कफ, मध्ये पित्त व अंती वात प्रबळ असतो असे सांगितले, हे खरे. दिवसाचे भाग देहावर निरनिराळे परिणाम करतात ही दृष्टी आपल्याकडे जुनी आहे, आणि तिचा अभिमान वाटावा हेही योग्य. परंतु दृष्टी असणे वेगळे व मोजणी करणे वेगळे. कोणत्या प्रहरी किती माणसे पडली हे वाग्भटाने मोजले नव्हते, आणि न मोजलेल्या गोष्टीचे श्रेय घेऊन त्या आचार्याचा मान वाढतो असे आम्हांस वाटत नाही.

हे सारे ज्ञान मालवणास आणून पाहिले म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. जोखमीचे प्रहर आणि दवाखान्यांच्या वेळा ह्यांचे हाडवैर आहे. गावचा खासगी दवाखाना उघडतो नऊ-साडेनवास. सहा वाजता छातीत कळ उठली तर माणूस साहजिकच म्हणतो, ‘उजाडले आहेच, दोन-तीन तास काढू.’ रात्री बारास तीच कळ उठली असती तर घर जागे झाले असते, शेजारी धावले असते, गाडी निघाली असती. रात्रीच्या दुखण्यास आमच्याकडे मान आहे. सकाळच्या दुखण्यास नाही, कारण सकाळी प्रत्येकास काम असते. आणि कळ छातीत उठली तरी तिचे नाव वेगळेच ठेवले जाते. आमच्या आळीतील एक रापणकर, वय पन्नाशीच्या आत, असाच एका सकाळी जाळे ओढून वाळूत बसला. घाम फुटलेला, डावा हात जड. भोवतालच्यांनी एकमुखाने निदान केले, “वारो धरलो असतलो.” कोणी ओवा दिला, कोणी सोडा घातलेले पाणी दिले, कोणी पाठ चोळली. ढेकर आली तेव्हा सर्वांस बरे वाटले. नवाच्या आत तो गेला. त्या लोकांस दोष देण्याचे आमच्या मनात नाही. पोटातील वारा व छातीतील कळ ह्यांचा भेद यंत्राच्या पट्टीवाचून कधीकधी डॉक्टरांसही होत नाही. परंतु ती पट्टी काढण्यास पाच मिनिटे लागतात, आणि मालवणात ग्रामीण रुग्णालय आहे, ते रात्रंदिवस उघडे असते. ओव्याची डबी शोधावयास जितका वेळ लागतो तितक्यात १०८ क्रमांक फिरविता येतो. ही रुग्णवाहिकेची सोय महाराष्ट्रात २०१४ पासून झाली आहे.

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला. तेव्हापासून आजतागायत मोठे दुखणे म्हटले की आमच्या गाडीचे तोंड दक्षिणेकडे, गोव्याच्या बांबोळीकडे वळते. आता ओरोस येथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले आहे, तथापि पिढ्यांची वहिवाट एकदम मोडत नाही. मालवणाहून बांबोळी शंभर किलोमीटरांच्या पुढे. गोठलेल्या रक्ताच्या रोगात हे अंतर किलोमीटरांत मोजावयाचे नसून मिनिटांत मोजावयाचे असते. मेंदूची धमनी तुंबली असता ती मोकळी करणारे इंजेक्शन आघात झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. पुढे उपयोगापेक्षा मेंदूत रक्तस्राव होण्याचे भय अधिक.

पण आघात केव्हा झाला हेच ठाऊक नसेल तर? अर्धांगाच्या दर पाच रुग्णांमागे सुमारे एक असा असतो की तो रात्री धडधाकट निजतो व सकाळी उठतो तो वाकड्या तोंडाने. झटका मध्यरात्री आला की उठण्यापूर्वी दहा मिनिटे, हे कोण सांगणार? अशा वेळी डॉक्टरांस एकच नियम पाळावा लागतो. रुग्णास शेवटचे धडधाकट ज्या क्षणी कोणी पाहिले तो क्षण आघाताचा धरावयाचा. दहास निजलेला माणूस सहास उठला तर त्याचे साडेचार तास झोपेतच संपले. मेंदूचे चुंबकीय चित्र घेऊन आघात ताजा की जुना हे ओळखता येते व काहींस तरीही इंजेक्शन देता येते, असे युरोपातील एका प्रयोगाने २०१८ साली सिद्ध केले. परंतु ते यंत्र, ते चित्र वाचणारा जाणता आणि तो रुग्ण ही तिन्ही भल्या पहाटे एका छपराखाली येणे आमच्यासारख्या गावी दुर्मिळच.

आमच्या थोरल्या बंधूंच्या बाबतीत हा प्रश्न घरातच उभा राहिला. परतीच्या पावसाचे दिवस होते. पहाटे साडेपाचास वहिनींनी चहासाठी हाक मारली तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द नीट निघेना, आणि उजवा हात पांघरुणाबाहेर येईना. आम्ही शेजाऱ्यांची गाडी काढली, सहास दहा मिनिटे असता निघालो आणि पावणेआठास गोव्यातील रुग्णालयाच्या दारात होतो. तरुण डॉक्टरांनी नाडी पाहण्याच्याही आधी विचारले, “ह्यांना शेवटचे नीट बोलताना कोणी आणि केव्हा पाहिले?” आम्ही गप्प. आमच्या मनात रात्रीच्या जेवणाची वेळ येत होती, आणि ती सांगितली असती तर सारेच आटोपले असते. तोच वहिनी पुढे होऊन म्हणाल्या, “चारांक उठले, खिडकी लायली, नि ‘पावस इलो गो’ म्हणान परत निजले.” डॉक्टरांनी विचारले, चारच कशावरून? तर म्हणाल्या, घड्याळाने टोले दिले ते आपण मोजले. ओसरीवरचे आमचे ते टोल्यांचे घड्याळ मुलांच्या झोपेस बाध आणते म्हणून काढून टाकावे, असा वाद घरात दोन वर्षे चालला होता. वहिनींनी ते काढू दिले नव्हते.

चारात साडेचार मिळविले म्हणजे साडेआठ होतात. डोक्याचे चित्र निघाले, त्यात रक्तस्राव नव्हता, आणि आठ वाजून वीस मिनिटांनी इंजेक्शन टोचले गेले. बंधूंची वाचा महिनाभरात परत आली. चालणे सुधारले. उजव्या हाताची पकड मात्र पूर्ववत झाली नाही. अडकित्ता दाबला जात नाही, सुपारी वहिनी कातरून देतात, आणि ती जाड कातरली म्हणून रोज एकदा कुरबुर होते. ती कुरबुर स्पष्ट शब्दांत होते ह्यातच घरास समाधान आहे.

ही हकीगत सांगण्याचा हेतू घड्याळाची प्रशंसा करण्याचा नाही. घरात वयस्क माणूस असेल तर रात्री तो केव्हा उठला, केव्हा बोलला, हे जवळच्या माणसाने नुसते ध्यानात ठेवणे हीदेखील एक शुश्रूषा आहे, आणि ती आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या कोणी न सांगता करीत आल्या आहेत. त्यांच्या त्या अर्धवट जागेपणास आपण चिंताखोर स्वभाव म्हणत आलो. रुग्णालयाच्या कागदावर मात्र तोच जागेपणा पहिल्या ओळीत लिहिला गेला. तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे बोबडे, ह्यांपैकी एक जरी दिसले तरी घड्याळ पाहावे व निघावे; आणि अशा माणसास घरून अॅस्पिरिन देण्याचे धाडस करू नये, कारण आघात रक्त गोठल्याने झाला की वाहिनी फुटल्याने, हे डोक्याचे चित्र निघेपर्यंत कोणासही ठाऊक नसते.

अॅस्पिरिनचा विषय निघाला म्हणून औषधांच्या वेळेविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आजकाल दोन वृद्ध मालवणच्या धक्क्यावर भेटले की ह्याखेरीज दुसरे बोलत नाहीत. सकाळच्या झटक्यांवर औषधांचा परिणाम होतो हे खोटे नव्हे. अमेरिकेत निरोगी डॉक्टरांवरच केलेल्या एका प्रयोगात अॅस्पिरिनने सकाळचे झटके ५९ टक्क्यांनी व इतर वेळचे ३४ टक्क्यांनी कमी झाले, असे १९९० साली प्रसिद्ध झाले. (तरीही निरोगी माणसाने ते आपण होऊन घेऊ नये; त्याने होणाऱ्या रक्तस्रावाचा हिशेब पुढे मांडला गेला आहे.) मग साहजिकच कल्पना निघाली की दाबाची गोळी रात्री घ्यावी, म्हणजे ती पहाटेच्या चढावास तोंड देण्यास सिद्ध असेल. स्पेनमधून २०१९ साली असा दावा आला की रात्री गोळी घेणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांचे मोठे विकार जवळजवळ निम्म्यावर येतात. आकडा इतका मोठा होता की पुष्कळांनी त्यावर शंका घेतल्या. पुढे ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून अधिक लोकांवर पाच वर्षांच्या वर प्रयोग चालला, व २०२२ साली त्याचा निकाल लागला. गोळी सकाळी घेतली काय, रात्री घेतली काय, फरक नाही. आम्हांस ह्या निकालाने वाईट वाटले हे कबूल करतो, कारण पहिली कल्पना फार सुबक होती. पण बांध पोखरलेलाच राहिला तर उधाणाच्या आदल्या रात्री माती टाकून किती निभावणार? गोळी रोज न चुकता पोटात जाणे हे महत्त्वाचे. ज्या वेळी ती हटकून आठवते ती वेळ चांगली.

तथापि ज्यांची सकाळ सूर्याबरोबर उगवतच नाही अशी माणसे आमच्या जिल्ह्यात थोडीथोडकी नाहीत. रात्री समुद्रावर जाणारे खलाशी आहेत, आणि विशेष म्हणजे दशावतारी मंडळ्या आहेत. कार्तिकापासून पुढे जत्रांच्या हंगामात ह्या मंडळ्या आज ह्या गावी तर उद्या त्या गावी. रात्री उशिरा आडदशावतार, मग आख्यान, आणि खेळ संपतो तो तांबडे फुटता फुटता. पुढे प्रवास, आणि भर उन्हात मिळेल तेथे झोप. आतले घड्याळ उजेडाकडे ओढते व पोटाचा धंदा अंधाराकडे. पाळीपाळीने रात्री काम करणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे २३ टक्क्यांनी अधिक आढळते, असे अनेक देशांतील गणना एकत्र करून २०१२ साली दाखविले गेले. त्या गणनांत कारखान्यांतील कामगार होते, परिचारिका होत्या. संकासुर व इंद्र त्यांत कोणी मोजले नसतील.

गेल्या हंगामात राजाचे काम करणाऱ्या एका परिचिताशी आमचे ह्यावर बोलणे झाले. वय साठीच्या घरात, दाबाची गोळी चालू. ती कोणत्या वेळी घेता, म्हणून आम्ही विचारले. तोंडावरचा रंग पुशीत ते म्हणाले, “मुकुट उतरयलो काय गोळी घेतंय. दुसरी येळ माका गावना नाय.” त्यांच्या डॉक्टरांनी तीच वेळ कायम केली आहे. हंगाम सरला व मंडळी पावसाळ्यास घरी बसली म्हणजे मुकुट नसतो, तेव्हा गोळीची आठवण घरची मंडळी करून देतात.